अंगावरचा किडा, त्याची बाटली आणि जावक क्रमांक

रक्त, लघवी, थुंकी कुठे पाठवायची हे ग्रामीण रुग्णालयातल्या कुठल्याही लॅब टेक्निशियनला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. त्यांचे फॉर्म छापलेले, गाडी ठरलेली, वारही ठरलेले. पण रुग्णाच्या कानातून निघालेला गोचीड किंवा मानेवरून चिकटपट्टीवर उचललेला, डोळ्याला जेमतेम दिसणारा माइट (गोचिडाच्याच जातकुळीतला बारीक जीव) कुणाच्या टेबलावर नेऊन ठेवायचा, याचं परिपत्रक माझ्या पाहण्यात नाही. यंदा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मला हे करावं लागलं. परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी काम करते. एक जुना मायक्रोस्कोप, एक फ्रीज आणि लोडशेडिंगने दमवलेला इन्व्हर्टर, एवढी आमची लॅब. बहुतेकांकडे एवढंच असतं. तेवढ्यात काय जमलं, कुठे अडलं, किती पैसे गेले ते क्रमाने लिहिते. उद्या तुमच्या टेबलावर अशी बाटली आली तर निदान पहिला फोन कुणाला करायचा ते कळेल.

सुरुवात १८ फेब्रुवारीला झाली. सुगीचे दिवस. ओपीडीत एकाच वस्तीवरची माणसं आली, काही शेतमालकाच्या घरची, बाकी उक्त्यावर ज्वारी काढायला आलेली. खांद्यावर, मानेवर, पोटावर लाल पुरळ, काही पुरळांच्या मधोमध बारीकसा पाण्याचा फोड. खाज इतकी की नाव-गाव सांगता सांगता हात कमरेकडे जात होता. आमच्या एमओ (वैद्यकीय अधिकारी) मॅडमनी खरूज धरून पर्मेथ्रिनचं मलम दिलं. गळ्यापासून तळपायापर्यंत लावायचं, रात्रभर ठेवायचं, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, आठवड्याने पुन्हा. खरजेला उपचार हाच. पण आठवडा उलटल्यावर त्यातली बरीच माणसं नव्या पुरळासकट दारात उभी. त्यातले एक आप्पा म्हणाले, "म्याडम, मलम संपलं, पर खाज कुठं संपली?"

२७ तारखेला मॅडमनी त्वचेची खरवड तपासायला सांगितली. ज्यांनी केली नसेल त्यांच्यासाठी: पुरळावर लिक्विड पॅराफिनचा थेंब टाकायचा, ब्लेड आडवं धरून हलकेच खरवडायचं, रक्त येईपर्यंत नाही, आणि तो थेंब तसाच काचपट्टीवर घ्यायचा. पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरलं तर कातडीचे पापुद्रे विरघळून दिसायला सोपं जातं, पण तेलात माइट जिवंत राहतो आणि हलणारी गोष्ट डोळ्याला आधी दिसते. खरजेची मादी ०.३ ते ०.४ मिलिमीटरची, मायक्रोस्कोपच्या दहापट भिंगाखाली सापडली तर छान दिसते. मला मादी दिसली नाही, अंडी दिसली नाहीत, विष्ठेचे तपकिरी कणही नाहीत. यावरून खरूज नाही असं मात्र म्हणता येत नाही. साध्या खरजेत एका माणसाच्या अख्ख्या अंगावर दहा-पंधराच माद्या असतात, आणि आपण चार जागा खरवडतो.

मॅडमना खटकलं ते वेगळंच. बोटांच्या बेचक्या कोऱ्या होत्या. मनगटं कोरी. घरातली तान्ही लेकरं ठणठणीत. कुणाला झालं आणि कुणाला नाही, हे त्यांनी आप्पांना सरळ विचारलं. आप्पांनी जरा विचार करून सांगितलं, "जे गंजीवर चढले त्यायलाच झालं बघा. जुनी गंजी मोडली ना आम्ही, नव्या कडब्याला जागा करायला." आमचा तपास खरा तिथे सुरू झाला. मॅडमनी मला सांगितलं, उद्यापासून अंगावर काही दिसलं तर पकडून ठेवा.

त्याच आठवड्यात, २५ तारखेला, एक आजी सहा वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या होत्या. कान ठणकतोय, रात्रभर झोपला नाही. मॅडमनी ऑटोस्कोप घातला तर आत कानाच्या भिंतीला गोचीड चिकटलेला. आजोबांनी घरी कोमट तेल सोडून पाहिलं होतं. त्यांच्या डोक्यात रॉकेलही होतं, सुनेनं अडवलं म्हणून वाचलं. गोचिडाला रॉकेल, मीठ, काडेपेटीचा चटका यांतलं काहीही लावायचं नसतं. बारीक चिमट्याने कातडीलगत, तोंडाशी धरायचं आणि सरळ ओढायचं, पिरगळायचं नाही. कानाच्या इतक्या आत मात्र आम्ही हात घातला नाही. मुलाला उपजिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं, आणि चिठ्ठीवर मॅडमनी मुद्दाम लिहिलं: गोचीड फेकू नये, बाटलीत परत पाठवावा. संध्याकाळी आजी ती बाटली पदराच्या गाठीत बांधून घेऊन आल्या.

फेकायचा का नाही? जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत, अहमदाबाद जिल्ह्यात, क्रायमियन-काँगो रक्तस्रावी तापाचे भारतातले पहिले रुग्ण निश्चित झाले. तो विषाणू मुख्यतः हायलोमा नावाच्या गोचिडांतून येतो, आणि गाई-म्हशींवर हायलोमा आपल्याकडेही आढळतो. म्हणून गोचीड कोणता हे ठाऊक असलेलं बरं. म्हणूनच हातमोजे घातल्याशिवाय गोचिडाला शिवू नये आणि दोन नखांत धरून चिरडू तर अजिबात नये, जे आपल्याकडे गोठ्यात रोज चालतं. ही गोष्ट कळल्यावर आमच्या स्टाफच्या ग्रुपवर लगेच माकडतापाचे मेसेज फिरू लागले. माकडताप वेगळा. तो १९५७ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, त्याचा गोचीड पश्चिम घाटाच्या रानातला. आपल्या राज्यात तो सिंधुदुर्गाकडे झाला. गोदाकाठच्या उघड्या रानात त्याची धास्ती घेण्याचं कारण नव्हतं.

तिसरा नमुना ३ मार्चला आला. गावातल्याच एक काकू. कित्येक महिने अंगावर काहीतरी रांगतंय, चावतंय, कातडीत शिरतंय. त्यांनी पांढऱ्या झाकणाची औषधाची डबी आणली होती, आत कागदाच्या बारीक बारीक पुड्या, प्रत्येकीवर वार लिहिलेला. "तुला दाखवायला म्हणून पकडून ठेवलं माय. डॉक्टर लोक बघतच न्हाईत." वैद्यकाच्या पुस्तकांत अशी डबी घेऊन येणाऱ्या रुग्णाबद्दल एक ठरलेला परिच्छेद असतो, किडा नाही, मनाचा भ्रम आहे असं सांगणारा, आणि तो वाचलेले लोक डबी न उघडताच निकाल देऊन मोकळे होतात. मी प्रत्येक पुडी उघडून पाहिली. कधीकधी डबीत खरंच काही असतं: घराच्या वळचणीला कबुतराचं घरटं असेल, खुराड्यात कोंबड्या असतील, तर पक्ष्यांवरचे माइट माणसाला चावतात. काकूंना विचारलं, कबुतरं नाहीत, कोंबड्या नाहीत, उंदीर फारसे नाहीत. पुड्यांमध्ये सुताचे धागे, वाळलेल्या खपल्या, रांगोळीचे कण, तुरीच्या टरफलाचा तुकडा आणि एक साधी लाल मुंगी निघाली.

रिपोर्टात काय लिहायचं यावर मी बराच वेळ घालवला. "काही नाही" असं लिहिलं तर काकूंच्या दृष्टीने मी त्यांना खोटं ठरवलं. शेवटी लिहिलं: "आज आणलेल्या नमुन्यात धागे, त्वचेच्या खपल्या व एक मुंगी आढळली; माणसाच्या अंगावर राहणारा कीटक वा माइट आढळला नाही." काय आहे ते आधी, काय नाही ते नंतर. मॅडमनी साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासायला घेतलं, कारण या सगळ्यांतून अंगाला खाज किंवा मुंग्या येऊ शकतात. बी-१२ आणि थायरॉइड बाहेरच्या लॅबमधून करावं लागलं, त्याचे साडेआठशे रुपये काकूंच्या मुलाने भरले. साखर वाढलेली निघाली. रांगण्याशी तिचा संबंध आहे की नाही ते मॅडमनी अजून त्यांना सांगितलेलं नाही. गोळ्या सुरू आहेत, दर सोमवारी काकू येतात, पुडी आणतात, मी उघडून बघते.

हा नमुना पुढे पाठवायची गरज नव्हती. गोचीड आणि पुरळवाल्यांचा पाठवायचा होता. तोवर चिकटपट्टीचा प्रयोगही फळाला आला होता: गंजीवरून नुकताच उतरलेला एक गडी थेट दवाखान्यात आला, त्याच्या मानेवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती काचपट्टीवर चिकटवली आणि एक माइट मिळाला. पट्टीखाली दबलेला, पाय वेडेवाकडे, पण आठ. खरजेचा माइट गोल, कासवाच्या ठेवणीचा असतो. हा लांबट होता.

५ मार्चला वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीने पत्र तयार झालं. जिल्हा शल्य चिकित्सकांना प्रत, जावक क्रमांक, शिक्का. पत्र आणि बाटल्या घेऊन आमचा शिपाई एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या नमुना-खिडकीवर गेला. ७ तारखेला बाटल्या परत. खिडकीवरच्या माणसाचं म्हणणं, फॉर्ममध्ये "नमुन्याचा प्रकार" या रकान्यात रक्त, लघवी, थुंकी, पू, विष्ठा एवढेच पर्याय आहेत, गोचीड नाही, त्यामुळे संगणकात नोंद होत नाही. त्याच्यावर रागावून उपयोग नव्हता, रकाना त्याने बनवला नव्हता. शिवाय आत गेलं असतं तरी सूक्ष्मजीवशास्त्राच्या मंडळींचा रोजचा व्यवहार जंतूंशी. गोचिडाची जात लावणारं माणूस तिथे असेलच असं नाही. तुम्हीही बाटली पाठवण्याआधी फोन करा, आणि "तुमच्याकडे तपासणी होते का" असं न विचारता "तुमच्याकडे गोचीड ओळखणारं कोण आहे" असं विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नेहमी "पत्र पाठवा" असतं.

योग्य माणूस मग आमच्याच खात्यात निघाला. जिल्हा हिवताप कार्यालयात कीटक समाहारक हे पद असतं. डास पकडणं, त्यांची जात लावणं, किती घरांत सापडले ते मोजणं हे त्यांचं काम. आमच्या तालुक्यात फवारणीच्या वेळी येणारे समाहारक काका निवृत्तीला आलेले आहेत. त्यांना फोन केला तर म्हणाले, "गोचीड माझ्या वाटेला येत नाही ताई, पण बाटली कशी भरायची ते सांगतो." त्यांनी सांगितलेलं असं.

अल्कोहोल सत्तर टक्के. म्हणजे निव्वळ अल्कोहोल असेल तर सत्तर मिलीत तीस मिली पाणी. फॉर्मेलिन नको, त्यात किडा कडक होतो आणि पुढे कुणाला डीएनए काढायचा झाला तर पंचाईत. हाताला लावायचं जेलवालं सॅनिटायझर नको, ते पायांच्या केसांना चिकटून बसतं. कापसात गुंडाळायचं नाही. सोडवताना पाय तुटतात, आणि पाय-तोंड तुटलेल्या किड्याची ओळख पटणं कठीण. एका खासगी दवाखान्यातून पूर्वी आमच्याकडे आलेला एक किडा असाच कापसात दाबलेला होता. त्याचं फक्त पोट शिल्लक होतं. एका रुग्णाची, एका जागेची एकच बाटली. चिठ्ठी बाटलीच्या आत टाकायची आणि ती पेन्सिलने लिहायची. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि परभणीला पोहोचेपर्यंत चिठ्ठी कोरी होते. बाहेरचं लेबल वेगळं, तेही ठेवायचं, पण भरवसा आतल्यावर. चिठ्ठीवर गाव, तारीख, शरीरावरची जागा, कुणी काढलं. रुग्णाचं नाव लिहायचं नाही, ओपीडीचा नंबर लिहायचा.

आमच्या वॉर्डातल्या सिस्टरनी लगेच विचारलं, जखमेतल्या अळ्यांचं काय. उन्हाळ्यात ऊसतोडीवरून परतलेल्या माणसांच्या पायांच्या जखमांत त्या दर वर्षी निघतात. काकांनी तेही सांगितलं: अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर आक्रसते आणि काळी पडते. आधी गरम पाण्यात, उकळी फुटायच्या आतल्या, अर्धा मिनिट; मग अल्कोहोल. अळीची ओळख तिच्या मागच्या टोकाला असलेल्या श्वसनछिद्रांवरून होते, म्हणून चिमट्याने मागून धरू नये. मोठ्या झालेल्या अळ्या पाठवाव्यात. लहान अळ्यांवरून जात सांगणं अवघड.

गोचिडासाठी काकांनी पशुवैद्यांचं दार दाखवलं. नंतर वाटलं, हे आधी सुचायला काय हरकत होती. मराठवाड्यात गोचीड रोज कोण बघतं? जनावरांचे डॉक्टर. परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे परजीवीशास्त्राचा विभाग आहे, आणि आमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर तिथेच शिकलेले. त्यांनी एका सरांना फोन लावून दिला. सर म्हणाले, पत्र आणा, पण पत्रासाठी थांबू नका.

होळीच्या सुट्ट्या लागायच्या आत, ११ मार्चला, मी स्वतः निघाले. कुरिअरवाल्याने अल्कोहोल म्हटल्यावर हात वर केले होते. ज्वालाग्राही म्हणून ते नियमाने बरोबरच आहे. टपालाने पाठवायचंच झालं तर ओळखणाऱ्याला विचारून बाटलीतलं बहुतेक अल्कोहोल काढून टाकायचं, किडा ओला राहील इतकंच ठेवायचं, दोन पिशव्यांत सील करायचं, भोवती शोषून घेणारा कागद. हातात न्यायला हे सव्यापसव्य नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, जाऊन-येऊन नव्वद रुपये. स्क्रूच्या झाकणाच्या लहान बाटल्यांचं पाकीट १६० ला मिळालं होतं. सोबत अर्ध्या पानाचा तक्ता मी घरीच टाइप करून नेला होता: रुग्णाचं वय, गाव, कधीपासून त्रास, अंगावर कुठे, ताप आहे का, मागच्या महिन्यात परगावी गेला होता का, घरी कोणती जनावरं, काय काम करतो. हा तक्ता कुणी मागितला नव्हता. सरांनी बाटलीच्या आधी तोच हातात घेतला.

गोचिडाला सरांना पाच मिनिटं पुरली. भिंगाखाली त्यांनी मलाही दाखवलं. तोंडाच्या बुडाचा भाग वरून बघितला तर षट्कोनी, मुखावयव आखूड. हायलोमाचं तोंड लांब असतं आणि पायांवर फिकट पट्टे असतात. इथे पट्टे नव्हते. "र्‍हिपिसेफॅलस सँग्विनियस. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड. आणि ज्याने काढलाय त्याला सांगा, छान काढलाय, तोंड शाबूत आहे." मग तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, घरी म्हैस आणि कुत्रं दोन्ही आहेत, फवारणी कशावर केली? म्हशीवर. मी आजोबांना आधीच विचारून ठेवलं होतं. सर हसले. जनावरांवरचा नेहमीचा गोचीड, र्‍हिपिसेफॅलस मायक्रोप्लस, आपलं सगळं आयुष्य एकाच जनावरावर काढतो, पोट भरलेली मादी तेवढी अंडी घालायला खाली पडते. कुत्र्यावरचा तसा नाही. तो प्रत्येक अवस्थेत रक्त पिऊन खाली उतरतो, भिंतीच्या फटीत, ओट्याच्या सांदीत दडतो, कात टाकतो आणि पुन्हा चढतो. पोरगं कुत्र्याशेजारी ओट्यावर झोपायचं. म्हणजे औषध कुत्र्याला आणि ओट्याच्या फटींना हवं होतं, म्हशीला नाही. मुलाला पुढचे दोन आठवडे ताप येतो का त्यावर लक्ष ठेवा, हेही त्यांनी कागदावर लिहून दिलं. ताप आला नाही.

माइटची चिकटपट्टी पाहून सरांनी मान हलवली. खरजेचा नाही एवढं नक्की, पुढचं सांगायला एकावर भागणार नाही, आणखी हवेत, न दबलेले. माणसाच्या अंगावर शोधत बसू नका, जिथून येतायत तिथे शोधा. जुन्या कडब्याचा भुसा आणा. कसा गोळा करायचा तेही सांगितलं, आणि हा सगळ्यात मजेचा भाग होता.

१८ मार्चला मी आणि आशाताई त्या शेतात गेलो, पूर्ण बाह्यांचे शर्ट, हातमोजे, डोक्याला फडकं. गंजीच्या तळाशी मागच्या वर्षीच्या मालदांडी ज्वारीचा कडबा, त्यात दाणे राहिलेली काही कणसं, दाण्यांत पतंगाच्या अळ्या. तो भुसा पांढऱ्या कागदावर झटकून बंद पिशवीत घेतला. लॅबमध्ये आल्यावर स्वयंपाकघरातलं मोठं नरसाळं, त्यात चहाची जाळी, जाळीवर भुसा, नरसाळ्याखाली अल्कोहोलची बाटली, वर दिवा. उष्णता आणि कोरडेपणा टाळायला माइट खाली खाली सरकतात आणि शेवटी बाटलीत पडतात. यात एकच अडचण: आजकाल सगळीकडे एलईडी, ते तापतच नाहीत. जुना पिवळा चाळीस वॉटचा बल्ब गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात धूळ खात पडलेला मिळाला, पंधरा रुपयांना. भुशापासून चार बोटं वर टांगला, म्हणजे भुसा तापेल पण पेटणार नाही, आणि रात्री बंद केला, कारण लॅबमध्ये राखणीला कुणी नसतं. दोन दिवसांनी बाटलीच्या तळाशी पिवळट धूळ बसल्यासारखं दिसलं. मायक्रोस्कोपखाली ती धूळ म्हणजे माइट होते. चाळणीवर उरलेल्या भुशात एका मेलेल्या अळीला चिकटलेले दोन-तीन चकचकीत गोळे दिसले, साबुदाण्याचा दाणा फार लहान करून ठेवावा तसे. त्या माद्याच होत्या, पिल्लांनी फुगलेल्या.

२१ मार्चला हे सगळं परभणीला दिलं. पशुवैद्यकच्या सरांनी ते पुढे कृषी विद्यापीठात, पिकांवरच्या माइटवर काम करणाऱ्या एका शिक्षकांकडे नेलं. आणि मग मार्चअखेर. ज्यांनी सरकारी नोकरी केलीय त्यांना पुढचं सांगायला नको. त्या दिवसांत कुणीही कुठलाही फोन उचलत नाही, उचलला तर बिलाबद्दल बोलतो. मग पाडवा, मग ईद. शिवाय माइट काचपट्टीवर कायमचे बसवायला होयरचं द्रावण लागतं आणि ते उबेत वाळायला दिवस जातात, त्यात घाई करून चालत नाही. दरम्यान आप्पा दवाखान्यात येऊन विचारून जायचे, "आलं का त्या किड्याचं?" उत्तर यायच्या आधीच मॅडमनी मलम थांबवलं होतं. सिट्रिझीन, कॅलामाइन, गंजीवरून उतरल्यावर लगेच अंघोळ आणि कपडे गरम पाण्यात, एवढ्यावर पुरळ बसत होतं.

९ एप्रिलला कागद आला. पायमोटीस हा माइटचा गण, त्यातली नेमकी जात निश्चित नाही. दाणे-गवतातल्या कीटकांच्या अळ्यांवर जगणारा माइट. अळीला विषाने लुळी करतो आणि तिच्यावरच वाढतो. पिल्लं आईच्या पोटातच पूर्ण मोठी होऊन बाहेर पडतात, म्हणून ते फुगलेले गोळे. माणसाला चावतो, पण माणसावर राहत नाही आणि वाढत नाही. पर्मेथ्रिनच्या नळ्या का फुकट गेल्या आणि खरवडीत काही का सापडलं नाही, ते या एका ओळीत आलं. कागदाची मूळ प्रत रुग्णालयाच्या फाइलला, झेरॉक्स मॅडमना, एक हिवताप कार्यालयाला, समाहारक काकांचे आभार मानून. खर्चाचं बिल रुग्ण कल्याण समितीकडे दिलं. बाटल्या आणि प्रवास मंजूर झाला. नरसाळं "प्रयोगशाळा साहित्य" या सदरात बसत नाही म्हणून साठ रुपये माझ्याकडेच राहिले. नरसाळंही.

कागद घेऊन मॅडम आणि मी आप्पांना समजावत होतो तर शेतमालकाने मधेच विचारलं, "म्हंजे गंजी जाळायची का?" कडब्याचे भाव काय चाललेत हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको, जाळा म्हणायची आमची छाती नव्हती आणि गरजही नव्हती. तालुक्याच्या पशुवैद्यांना विचारून सांगितलं: गंजीचा तळ उलगडून एप्रिलच्या उन्हात पातळ पसरा, किडलेली कणसं वेगळी काढून पुरून टाका, हे काम करणाऱ्याने पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, नवा कडबा जुन्याला लावू नका. त्यांनी पसरला. उन्हं बेचाळीसच्या पुढे गेली होती, तेवढी आपल्याकडे फुकट मिळतात.

जात लावण्यासाठी काही पट्ट्या बेंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठात पाठवल्या आहेत, माइटवरच्या अखिल भारतीय प्रकल्पाचं केंद्र तिथे आहे. त्या पत्राचा जावक क्रमांक मी डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय, कारण फोनवर पहिल्यांदा तोच विचारतात. मे-जूनशिवाय उत्तराची अपेक्षा ठेवू नका, असं सरांनी सांगितलंय. तोवर तो कडबा म्हशीने खाऊन संपवलेला असेल.